दोन पट्ट्यांच्या मधले दिवस

सोयाबीन सोंगणीला आलं की वाशिम जिल्ह्यातल्या दवाखान्यांत बोटं यायला लागतात. बहुतेक डाव्या हाताची. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत झाडं, वर भरून आलेलं आभाळ आणि काम उक्तं, म्हणजे एकराच्या हिशेबाने. वाकलेल्या बाईचा विळा एखाद्या वेळी झाडाऐवजी तर्जनीवर उतरतो. फडक्याने बोट बांधून ती ओळ पुरी करते. दवाखान्याची आठवण होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बोट टम्म सुजल्यावर. त्यामागून मळणीचे दिवस येतात. थ्रेशरच्या तोंडाशी पेंढ्या लोटणारा हात, पट्ट्यात ओढला गेलेला पदर. पुढे तूर निघाली की रानात तिरपी कापलेली धसकटं उरतात, आणि ती चपलेच्या तळातून आरपार तळपायात जातात. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत जखमांचा हंगाम हा असा पिकांच्या हंगामाला धरून चालतो.

अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांच्या जराशी आत, आणि शंभरातले ऐंशीहून अधिक लोक खेड्यात राहणारे. नीती आयोगाने २०१८मध्ये देशातले आकांक्षित जिल्हे ठरवले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या जोडीला वाशिमचं नाव होतं. इथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेल्या दहा महाविद्यालयांपैकी एक. तोवर अवघड रुग्ण म्हटला की अकोला नाहीतर यवतमाळ. ‘रेफर केलं’ हा शब्द इथल्या म्हाताऱ्या माणसालाही पाठ आहे.

रेफर झालेल्याची शस्त्रक्रिया होते, टाके पडतात, चार-आठ दिवसांनी सुट्टी होते. हातात कार्ड येतं आणि त्यावर शेवटची ओळ असते : एक दिवसाआड ड्रेसिंग. मोठ्या शस्त्रक्रियेची बातमी होते. या ओळीनंतरच्या तीन-चार आठवड्यांची होत नाही, आणि पाय राहणार की जाणार हे पुष्कळदा त्या आठवड्यांतच ठरतं. साधा हिशेब करा. एक दिवसाआड म्हणजे अठ्ठेचाळीस तास. त्यातला जास्तीत जास्त अर्धा तास जखम सिस्टरच्या हाती असते. उरलेले साडेसत्तेचाळीस तास ती घराच्या ताब्यात : तिथल्या जमिनीच्या, गोठ्याच्या, चुलीच्या, ताटातल्या जेवणाच्या, एसटीच्या वेळापत्रकाच्या आणि रोजच्या मजुरीच्या. पट्टीबद्दल बोलायचं तर या तासांबद्दल बोलावं लागतं.

पण आधी तो अर्धा तास.

सरकारी दवाखान्यातली ड्रेसिंगची खोली कुठेही गेलात तरी ओळखू येते. रेक्झिनचं टेबल, पाय ठेवायला स्टूल, झाकणाचा स्टीलचा ड्रम, किडनी ट्रे, चिमटे, सलाईनच्या बाटल्या, बिटाडिनची तपकिरी बाटली, कोपऱ्यात पिवळ्या पिशवीची बादली. ड्रममध्ये जे असतं ते बाहेरून तयार येतंच असं नाही. दुपारी ओपीडी ओसरली की गॉजचं ठाण उलगडलं जातं. सिस्टर, मावशी, कधी शिकाऊ मुली बसून चौकोन कापतात आणि कापलेल्या कडा आत दुमडून घड्या घालतात. कड बाहेर राहिली तर तिचे दोरे जखमेत सुटतात, आणि एक सुटलेला दोरा महिनाभर पू धरून ठेवू शकतो. दोन गॉजच्या मध्ये कापूस ठेवून पॅड होतात. मग सगळं ड्रममध्ये, ड्रमची भोकं उघडी ठेवून ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांच्या वाफेत. बाहेर काढल्याबरोबर भोकं बंद. ही भोकं बंद करायची राहिली तर सगळी मेहनत वाया, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

सरकारी पदांच्या यादीत व्रणोपचारक नावाचं एक पद आहे. बोलीत त्याला ड्रेसर म्हणतात. कागदावर पट्टी त्याच्याकडे. प्रत्यक्षात पद भरलेलं नसेल, तो सुट्टीवर असेल, किंवा एकाच वेळी तीन टेबलं लागली असतील, तर पट्टी सिस्टरकडे येते. वॉर्डातली तर तिचीच. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला ज्याने एक रात्र काढली असेल त्याला या आकड्याचं काय करायचं ते कळत नाही.

चांगली पट्टी कशी होते ते जवळून पाहिलं की लक्षात येतं, तिच्यात बांधणं सगळ्यांत कमी असतं. सिस्टर आधी हात धुते. मग जुनी पट्टी. बाहेरचा रोलर सुटतो, पॅड निघतं, आणि शेवटचा गॉज जखमेला चिकटलेला असतो. घाईचा हात तो ओढतो. रुग्ण ओरडतो, जखमेतून रक्त येतं आणि रक्त आलं म्हणजे जखम ‘जिवंत’ आहे असं समाधान मानलं जातं. खरं म्हणजे दोन दिवसांत कडेने सरकत आलेली नवी कातडी त्या एका ओढीत निघून गेलेली असते. जाणती सिस्टर त्या गॉजवर सलाईन ओतते आणि थांबते. ती दोन-तीन मिनिटं तिच्याकडे असतात असं नाही. दारात रांग असते. तरी ती थांबते. तेवढ्यात विचारते, ‘‘काय जेवलात बाबा सकाळी?’’ हा प्रश्न गप्पा मारण्यासाठी नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि बाबा दोन दिवस चहा-टोस्टवर आहेत की नाही हे तिला कळायला हवं.

गॉज सुटला की ती जखमेआधी गॉजकडे पाहते. किती भिजलाय? पाणी साधं पिवळसर आहे की दाट? हिरवट डाग आणि गोडसर, उबट वास असला तर स्यूडोमोनास नावाचा जंतू आलाय, हे प्रयोगशाळेचा कागद यायच्या आधी तिच्या नाकाला कळतं. मग जखमेचा तळ. लालबुंद आणि दाणेदार दिसला तर उत्तम; ते नवे मांसांकुर. पिवळी, चिकट साय धरली असेल तर ते मेलेलं मांस, काढावं लागणार. काळं पडलं असेल तर डॉक्टरांना हाक. कडा आत सरकताहेत की जाड होऊन तिथेच थांबल्यात? भोवतालची कातडी गरम लागते का? मागच्या वेळेपेक्षा लांबी-रुंदी घटली का? मधुमेहाच्या पायावरची जखम चार आठवड्यांत निम्म्याने कमी झाली नाही तर ती नुसत्या पट्टीने भरण्याची आशा फार थोडी, असं आता जगभर मानलं जातं. पण निम्मी झाली हे कळायला पहिल्या दिवशीचं माप कुठेतरी लिहिलेलं हवं. केसपेपरवर बहुतेक वेळा फक्त ‘ड्रेसिंग केले’ एवढंच असतं. मोजपट्टी पाच-दहा रुपयांची, आणि मला वाटतं, आपल्या ड्रेसिंगच्या खोल्यांत सगळ्यांत जास्त उणीव तिचीच आहे.

बाकी क्रिया सोपी : आतून बाहेर पुसत जायचं, बाहेर गेलेला बोळा परत आत आणायचा नाही, खोल जखमेत गॉज सैल भरायचा, कोंबायचा नाही. पायाची पट्टी बोटांकडून वर चढवायची, घोट्यावर आठाच्या आकड्यासारखी फिरवायची, आणि बोटांची टोकं उघडी ठेवायची. टोकं निळी पडली तर पट्टी आवळलीय हे घरच्यांनाही दिसावं म्हणून.

जखम भरते ती मात्र सिस्टरमुळे नाही, औषधामुळेही नाही. ती स्वतः भरते. रक्त गोठतं. दिवसभरात पांढऱ्या पेशींची पहिली फळी येते आणि जंतू खाऊ लागते. दोन-तीन दिवसांत दुसऱ्या, मोठ्या पेशी येऊन मेलेलं साफ करतात आणि पुढच्या कामाचे हुकूम सोडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून धागे विणणाऱ्या पेशी कोलॅजन घालायला लागतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कडा एकमेकींकडे ओढल्या जातात. वर कातडीचा पातळ पदर सरकत येतो, पण तो ओल असेल तिथूनच. कोरड्या खपलीखाली त्याला वाट खणत जावं लागतं. लंडनमधल्या जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या पाठीवर हे दाखवून दिलं : उघड्या ठेवलेल्या जखमेपेक्षा पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवलेली जखम जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. त्या एका निबंधातून आजच्या महागड्या ड्रेसिंगांचा सगळा बाजार उभा राहिला. आपल्याकडे मात्र ‘जखमेला वारं लागू दे, खपली धरू दे’ हे आजही घरोघर ऐकू येतं. दवाखान्यातही.

जंतुनाशकांचंही तसंच. पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या जखमा बघून १९१५मध्ये डेकिनचं द्रावण निघालं, एडिनबरा विद्यापीठात युसोल निघालं. ब्लीचिंगच्याच जातीची ही द्रावणं आपल्या दवाखान्यांतल्या किती पिढ्यांनी वापरली त्याला गणती नाही. त्याच युद्धात फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी दाखवलं की खोल, वेड्यावाकड्या जखमेच्या सांदीकोपऱ्यांतल्या जंतूंपर्यंत ही औषधं पोचतच नाहीत, उलट जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी मारतात. पेनिसिलिनच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. घाणेरडी, सडलेली जखम असेल तेव्हा अशा औषधाला काम आहे. स्वच्छ, लाल, भरत आलेल्या जखमेवर रोज बिटाडिन नाहीतर फेस येणारं पेरॉक्साईड ओतणं म्हणजे कोवळ्या रोपांवर तणनाशक मारणं. फेस बघून रुग्ण खूश होतो, तेवढाच फायदा. नुसतं सलाईन पुरतं. उपलब्ध अभ्यासांची एकत्र छाननी झाली त्यात तर स्वच्छ, पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने धुतलेल्या जखमा सलाईनने धुतलेल्यांपेक्षा जास्त चिघळल्याचं आढळलं नाही. ‘पिण्यायोग्य’ या शब्दावर मात्र वाशिमसारख्या ठिकाणी अडायला होतं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पाणी उकळून, निववून, झाकून ठेवावं लागतं. एक लिटरला नऊ ग्रॅम मीठ घातलं की ते सलाईनच.

आता घर. बोट कापलं की पहिला हात जातो तो हळदीच्या डब्याकडे, आणि बांधावर असेल तर कंबरमोडीच्या पाल्याकडे. ही पिवळट पांढऱ्या फुलांची बारकी वनस्पती विदर्भात कुठेही उगवते. कुणी तिला दगडी पाला म्हणतं. पानं तळहातावर चोळून रस पिळायचा. रक्त थांबतं असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि प्रयोगशाळेत उंदरांवरही तिची परीक्षा झालेली आहे. हळदीची कहाणी तर न्यायनिवाड्यापर्यंत गेली. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने आव्हान दिलं, जुने संस्कृत आधार आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला निबंध पुढे ठेवला, आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. मराठी माणसाला या लढाईचा अभिमान आहे, असावाही. फक्त तिचा निकाल नीट वाचायला हवा. पेटंट रद्द झालं ते हा शोध नवा नाही म्हणून. बाजारातून सुटी आणलेली, फोडणीच्या चमच्याने उकरलेली हळद उघड्या मांसात कोंबावी, असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही.

हळदीवर थांबलं तरी ठीक. पुढे चुना येतो, चहापत्ती येते, बिडीची राख, घासलेट, पेस्ट, शेण. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट लावून आलेला रुग्ण दर आठवड्याला असतो, आणि ती वाळलेली पेस्ट खरवडून काढताना त्याला दुसऱ्यांदा भाजल्यासारखं होतं. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, एवढंच करायचं. माती-शेणाच्या जखमेत धनुर्वाताचं भय. बाळ-बाळंतिणींमधला धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं, ते लसीमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे. शेतातल्या प्रौढ गड्याने शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे मात्र त्यालाही आठवत नाही.

ताटाचीही शिस्त असते. भात नको, पू होतो. वांगं नको. आंबट नको. अंडं गरम पडतं. मग उरते पातळ वरणाची वाटी आणि भाकरीचा चतकोर. मोठ्या जखमेच्या रुग्णाला एरवीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. अंथरुणाला खिळून पाठीला जखम झालेल्याला वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला रोज साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. तुरीच्या राशी ज्या घराच्या ओसरीवर पडतात त्या घरात बाळंतिणीला वरणातलं पाणी मिळावं, हे बघून कुठल्याही सिस्टरचं डोकं फिरतं. सीझरचे टाके घेऊन घरी गेलेल्या बाईच्या बाजेखाली शेकशेगडी ठेवली जाते. त्या धगीने आणि घामाने पट्टी पोटाला चिकटून बसते. टाके आतून ओले, वरून झाकलेले, आणि ‘पाणी लागू देऊ नका’ म्हणून दहा दिवस अंग न धुतलेलं. खरं तर स्वच्छ शिवलेली जखम दोन दिवसांत वरून बंद होते, त्यानंतर साध्या पाण्याने अंघोळ केली तरी चालते.

सुश्रुतसंहितेत व्रणावरचे साठ उपक्रम आणि पट्टी बांधायचे चौदा प्रकार सांगितलेत हे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातच पट्टी किती काळाने सोडायची ते ऋतू पाहून ठरवा असंही आहे. शरदाच्या उकाड्यात लवकर, थंडीत उशिरा चालेल. ऑक्टोबर हीटमध्ये सोंगणीची जखम बांधणाऱ्याला ते पटावं.

सगळ्यांत कठीण जखम ती, जी दुखत नाही.

‘शुगरची जखम’ म्हणून जी येते तिच्यात हाच घोळ असतो. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा मुक्या होतात. नवरात्रात अनवाणी राहणं, शेगावची पायी वारी, डांबरी रस्त्यावर तापलेली वाट. फोड येतो, फुटतो, पण कळत नाही. चपलेतला खडा संध्याकाळी चप्पल झटकताना सापडतो. ‘‘दुखतच नाही जी, मंग कायले दाखवाव?’’ हा इथला नेहमीचा युक्तिवाद, आणि तर्काला धरूनच आहे; आयुष्यभर माणूस दुखलं की दवाखाना आणि थांबलं की काम याच नियमाने जगलेला असतो. आता तोच नियम त्याचा पाय घेऊन जातो.

न दुखणाऱ्या जखमेचं शहाणपण विदर्भाला इतरांच्या आधी कळायला हवं होतं, कारण कुष्ठरोग्यांच्या सेवेची मोठी परंपरा याच भागातली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये काम सुरू केलं. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या झोपडीजवळ झोपडी दिली आणि त्यांच्या जखमा स्वतः धुतल्या. परचुरे कुटी आजही आश्रमात दाखवतात. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारलं, आणि वाशिम-अकोल्याकडच्या रोग्यांना ते जवळचं. मग वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. या सगळ्यांच्या चरित्रांत करुणा भरपूर सांगितली जाते. पण त्या करुणेचं रोजचं रूप काय होतं? सकाळी उठून पाण्याच्या बादल्या मांडायच्या, पाय भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं, पट्ट्या धुवायच्या, वाळवायच्या, परत बांधायच्या. उद्या पुन्हा.

याच आजारात डॉ. पॉल ब्रँड यांना वेल्लोरमध्ये जे उमगलं त्याने जखमांचं शास्त्र बदललं. कुष्ठरोग्याचं मांस ‘सडकं’ असतं म्हणून त्याची जखम भरत नाही, असा डॉक्टरांचाही समज होता. ब्रँड यांनी पायाला प्लॅस्टर घातलं, पाय विसावला, आणि जखम भरली, कुणाही निरोगी माणसाची भरावी तशी. मांस चांगलंच होतं. वेदना नसल्याने माणूस जखमेवरच चालत होता. १९६६मध्ये ते अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि प्लॅस्टरची ही रीत तिथून मधुमेहाच्या पायांकडे आली. आज मधुमेहाच्या तळव्यावरच्या जखमेला हा पहिल्या प्रतीचा उपचार मानतात. म्हणजे आपल्याकडच्या गरिबातल्या गरिबाच्या आजारातून श्रीमंत देशांनी धडा घेतला. आपल्या ड्रेसिंगच्या खोलीतून मात्र तळव्याला जखम असलेला माणूस पट्टी बांधून त्याच पायाने चालत बसस्टँडवर जातो. कितीही महाग मलम लावा, प्रत्येक पावलाला शरीराचा भार त्या जखमेवर पडणार असेल तर ती भरणार कुठून? कुष्ठरोग विभागात मिळणाऱ्या मऊ एमसीआर रबराच्या चपला, रोज रात्री आरसा धरून तळवे पाहायची सवय, पाण्यात अर्धा तास पाय भिजवून ओल्यावरच तेल लावणं, हे सगळं कुष्ठरोगाच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. त्याच इमारतीत मधुमेहाच्या तपासणीला बसलेल्याला ते कुणी सांगत नाही, कारण कार्यक्रम वेगळा, रजिस्टर वेगळं.

महागड्या ड्रेसिंगांना स्वस्त पर्याय शोधायची अक्कल महाराष्ट्रात नव्हती असं नाही. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानींनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या. त्याचा निबंध १९८५चा. सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेली केळीची पानं वापरली. पान मोठं, मेणचट, जखमेला न चिकटणारं. काढताना त्रास नाही आणि खर्च नगण्य. विंटरच्या पॉलिथिनचं काम केळीचं पान करत होतं. ही पद्धत केळी पिकणाऱ्या मुलखात सगळीकडे पोचायला हवी होती. पोचली नाही. बहुधा तिच्यात कुणाला नफा नव्हता म्हणून.

आणि शेवटी ती जखम, जी दवाखान्यात जन्मत नाही आणि शेतातही नाही. म्हातारा पडतो, खुब्याचं हाड मोडतं, किंवा अर्धांगवायू होतो, आणि बाजेवर पडून राहतो. माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर वजन येतं; तिथलं रक्त अडतं. काही तासांत लाली, काही दिवसांत खड्डा, आणि दुर्लक्ष झालं तर हाड दिसायला लागतं. यावर औषध एकच : दर दोन तासांनी कूस बदलणं. ऐकायला सोपं. पण सोंगणीच्या दिवसांत घरातला प्रत्येक हात शेतात असतो. म्हाताऱ्याजवळ शाळकरी नात. तिने साठ किलोचा आजोबा दर दोन तासांनी वळवायचा?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात हे काम किती काळ करता येतं याचा एक दाखला आहे. तिथली परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३च्या हल्ल्यानंतर जी अंथरुणाला खिळली ती १८ मे २०१५ला मरेपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं. तिच्या इच्छामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, २०११च्या त्या निकालावर देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट तळटीपेसारखी येत राहिली : एवढ्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिलेला नाही, असं केईएमचे लोक सांगत होते. ४२ वर्षं, तीन पाळ्या, बदलत्या पिढ्या. ज्या मुली ती पडली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या त्यांनी तिला वळवलं, पुसलं, भरवलं. न झालेल्या जखमेची नोंद कुठल्या रजिस्टरात करतात मला माहीत नाही. झालेल्या जखमेच्या ड्रेसिंगचा आकडा दर महिन्याला वर जातो. टळलेलीचा रकानाच नाही.

केईएमला तीन पाळ्या होत्या. मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर एक सून असते, आणि ती सोंगणीला जाते. म्हणून सुट्टीच्या दिवशीचा अर्धा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. काही सिस्टर तेव्हा रुग्णाची पट्टी स्वतः करत नाहीत. सोबत आलेल्या सुनेला, मुलाला, नवऱ्याला हात धुवायला लावतात आणि त्यांच्याकडून करून घेतात. पहिल्यांदा हात कापतात, गॉज खाली पडतो, नवरा तोंड फिरवतो. पुन्हा करवून घेतात. पाणी किती उकळायचं, सुती धोतराचं फडकं धुऊन कडक उन्हात वाळवून त्यावर गरम इस्त्री कशी फिरवायची, कुठे ठेवायचं, वास आला तर वाट न बघता यायचं, ताप आला, लाली वर चढायला लागली, तर त्याच दिवशी यायचं. यात वीस मिनिटं जातात. या वीस मिनिटांचा रकानाही कुठे नाही, आणि रांग मोठी असली की पहिली कात्री त्यांनाच लागते. कारंज्याच्या किंवा मानोऱ्याच्या टोकाच्या गावातून एका पट्टीसाठी एक मजुरी बुडते, सोबतच्याची दुसरी, वर भाडं. दोन-तीन खेपांनंतर लोक यायचे थांबतात, आणि मग कार्डावर शेरा पडतो : रुग्ण अनियमित.

सगळं शिकून झालं की दारात उभं राहून एक प्रश्न हमखास विचारला जातो. पाणी लागू द्यायचं का, अंडं चालेल का, हे नंतर. आधी, ‘‘सिस्टर, कामाले कवा जाऊ?’’ टाके निघाले म्हणजे जखम भरली असं सगळेच धरून चालतात. शास्त्र सांगतं की आठवड्याच्या जखमेत मूळ कातडीच्या बळाचा अगदी किरकोळ अंश असतो, तीन आठवड्यांनी पाव ते तिसरा हिस्सा, आणि कितीही महिने गेले तरी सुमारे ऐंशी टक्क्यांच्या वर ते जात नाही. तीन आठवड्यांत सोयाबीन घरात आलेलं असतं आणि हरभऱ्याची पेरणी चालू झालेली असते. सिस्टर म्हणते, दीड महिना ओझं उचलू नका. बाई मान डोलावते आणि नवऱ्याकडे पाहते. तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस मोजत असतो.